तुम्ही विचारलंत म्हणून: चर्चमध्ये ऑर्गन कोण वाजवायचं?

नाताळ जवळ आला की हा प्रश्न ठरलेला. कुणाचा कॉलेजचा प्रोजेक्ट असतो, कुणी परदेशात बसून आजोबांचं नाव शोधत असतं. "ठाण्याच्या चर्चमध्ये पूर्वी ऑर्गन कोण वाजवायचं, क्वायर कोण बसवायचं? यादी असेलच तुमच्याकडे." मी ठाण्यातल्याच एका लहान चर्चमध्ये ऑर्गनवर बसते आणि क्वायर, म्हणजे गाणाऱ्यांचा चमू, तोही सांभाळते, म्हणून सगळे माझ्याकडे येतात.

यादी नाही. फादरांची आहे, दगडी पाटीवर, सालांसकट. बाप्तिस्मा, लग्न, मयत यांच्याही वह्या आहेत. पण रविवारी सज्ज्यावर बसून सूर देणाऱ्याचं नाव लिहायला वही नव्हती, कारण त्या नावाची नोकरीच नव्हती. पोर्तुगीज मुलखात चर्चला लागून शाळा असायची आणि तिथला मास्तर मुलांना अक्षरओळखीबरोबर सोल्फा, म्हणजे दो-रे-मी म्हणत सूर वाचणं, शिकवायचा, व्हायोलिन हातात द्यायचा आणि मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, त्याच मुलांकडून गाऊन घ्यायचा. गोव्यात ही परंपरा इतकी पक्की बसली की पुढे मुंबईच्या फिल्म स्टुडिओंना नोटेशन वाचणारे वादक तिथूनच मिळाले. शंकर-जयकिशनचे अरेंजर सेबॅस्टियन डिसूझा काय, प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस काय, मूळ घराणं चर्चच्या मास्तरांचंच.

ठाण्याचं नशीब वेगळं. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून साष्टी बेट घेतलं, ठाणं त्यातलंच; १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला. राज्यं अशी बदलत गेली तरी गावातली मिस्सा थांबली नाही. इंग्रज आपलं गाणं वेगळं घेऊन आले. ठाण्याचं सेंट जेम्स चर्च १८२५ साली बिशप हेबर यांनी समर्पित केलं. 'होली, होली, होली' हे गीत लिहिणारे हेच ते हेबर. ऑर्गनिस्टांच्या इतिहासात ठाण्याचा असा थेट धागा लागला की मला भारी आनंद होतो, मग ते चर्च आमच्या पंथाचं नसलं तरी. आम्ही कॅथलिक, ते प्रोटेस्टंट.

पण त्याहून मोठा धागा तलावपाळीजवळच्या जुन्या चर्चचा आहे. ते सेंट जॉन द बॅप्टिस्टचं, आणि त्याचा सण २४ जूनला, म्हणजे छत्र्या उघडायच्या दिवसांत. या संताच्या सणाला एक लॅटिन स्तोत्र गातात. त्याची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक सूर वर सुरू होते. अकराव्या शतकात ग्विदो द'आरेत्सो नावाच्या इटालियन साधूने त्या ओळींची पहिली अक्षरं घेऊन गाणाऱ्या मुलांना सूर शिकवायची युक्ती काढली: उत, रे, मी, फा, सोल, ला. 'उत'चा 'दो' नंतर झाला आणि 'सी'ही मागाहून आला, तो संताच्या नावाच्या आद्याक्षरांतून. जगभरच्या क्वायरचे मास्तर ज्या सुरांवर पोरं घडवतात ते या संताच्या स्तोत्रातून आलेत, आणि ठाण्यात त्याच्या सणाला निम्मे लोक पाऊस किती आहे ते बघून यायचं ठरवतात!

आता वाद्याकडे. लोकांच्या डोळ्यांसमोर भिंतभर नळ्यांचा पाइप ऑर्गन असतो. तो बघायचा तर मुंबईत फोर्टच्या सेंट थॉमस कॅथीड्रलला किंवा कुलाब्याच्या अफगाण चर्चला जा. आमच्यासारख्या चर्चमध्ये पायऑर्गन असायचा. हाताच्या पेटीत भाता हवा बाहेर ढकलतो. अमेरिकन घडणीच्या पायऑर्गनमध्ये उलटं, भाते हवा ओढून घेतात आणि बाहेरची हवा पितळी रीडमधून आत शिरते, म्हणून त्याचा सूर पेटीपेक्षा मऊ. दोन्ही पाय सतत चालू, आवाज मोठा करायला गुडघ्याने एक पट्टी बाहेर ढकलायची आणि समोर आवाजाची जात बदलायच्या हस्तिदंती रंगाच्या खुंट्या. त्यांतली 'व्हॉक्स ह्युमाना' ओढली की आत एक चपटी पट्टी हवेवर भिरभिरते आणि सूर थरथरतो. मयताच्या मिस्साला ही खुंटी ओढायचा मोह प्रत्येक नवख्याला होतो. आमचे मास्तर बोटांवर चापट मारायचे.

हेच वाद्य मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांच्या मागे वाजलं. तलावपाळीच्या एका अंगाला चर्च, दुसऱ्या अंगाला गडकरी रंगायतन, आणि आमचा ऑर्गन दुरुस्त करायला येणारे काका संगीत नाटकांचेही ऑर्गन बघायचे. त्यांच्या मते दोन्हीकडचा शत्रू एकच: उंदीर. भात्याचं कापड पहिलं कुरतडतो. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्टी दाबलेली राहायची ते वेगळंच. मग अख्ख्या प्रवचनात एक सूर मागे रेंगाळतोय आणि फादर वर सज्ज्याकडे बघताहेत.

मास्तर म्हणजे बोटं चालणारा माणूस, असं वाटत असेल तर सांगते, वाजवणं हा त्यातला सोपा भाग. फादर आपल्या मनाने सूर लावतात. आज काळी एक, उद्या सर्दी झाली तर त्याच्याही खाली. त्यांनी ओळ संपवायच्या आत तो सूर हेरून लोकांना त्याच पट्टीत उत्तर द्यायला लावायचं. आज कीबोर्डला ट्रान्स्पोजचं बटण आहे. तेव्हा सगळं गाणं डोक्यात उचलून दुसऱ्या पट्टीत ठेवावं लागे, तेही पाय न थांबवता.

आणि खरी परीक्षा आली ती मराठीची. ४ डिसेंबर १९६३ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. लोकभाषेला दार उघडलं, पाइप ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाही परवानगी मिळाली. लॅटिन तोंडपाठ असलेल्या मास्तरांना आता मराठी गाणी बसवायची होती. प्रोटेस्टंट मंडळींकडे रेव्हरंड टिळकांची पदं कधीपासून होती. आमच्याकडे बऱ्याचदा जुन्या चालींवर नवे शब्द चढवले गेले. तिथे गोची व्हायची. पाश्चात्त्य चाल पहिल्याच ठोक्यावर जोर देते आणि तिथे 'प्रभू' आला की 'प्र' दोन मात्रा ताणला जातो, 'भू' कसाबसा उरकतो. ऐकायला भयंकर. आमच्या मास्तरांनी पुस्तकात पेन्सिलने बाण काढून ठेवलेत: 'प्र' ठोक्याच्या आधी घ्यायचा, 'भू' समेवर आणायचा. एवढासा बाण, पण त्याने गाणं मराठी झालं. ते पुस्तक मी अजून वापरते, बाण पुसट झाले की पुन्हा गिरवते. त्यांना कुणी संगीतकार म्हटलं नाही. मी म्हणते.

"बायका कधीपासून?" हाही प्रश्न असतोच, बहुधा बायकांकडूनच. २२ नोव्हेंबर १९०३ ला दहावे पोप पायस यांनी काढलेल्या आदेशात क्वायरमध्ये बायकांना जागा नव्हती, उंच सुरांसाठी मुलगे घ्या म्हणून सांगितलं होतं. १९५५ च्या नाताळात बाराव्या पायस यांच्या पत्रकाने सवलत दिली: मुलगे पुरेसे नसतील तर बायका चालतील, पण वेदीच्या आवाराबाहेर आणि पुरुषांपासून वेगळ्या. १९०३ च्याच आदेशात पियानोला चर्चबंदी होती. आज आमच्या कीबोर्डवर पियानोचा टोन असतो आणि वाजवणारी मी. दोन्ही नियम एकाच खुर्चीवर मोडलेत.

यादी न होण्याचं आणखी एक कारण ठाणं स्वतः. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, वागळे इस्टेट उभी राहिली आणि कारखान्यांबरोबर गोव्याची, मंगळूरची, केरळची माणसं आली. पूर्वी गावठाणातला एकच मास्तर जन्मभर असायचा. आता दर मिस्साला वेगळी भाषा, वेगळा क्वायर आणि शिफ्ट ड्युटी सांभाळून वाजवणारा वेगळा माणूस. कंपनी बंद पडली की तो जाणार, नाहीतर गल्फला. अशांची नोंद कोण ठेवणार? पण गिटार, तबला, ढोलक सज्ज्यावर चढली ती याच लोकांमुळे, आणि इंग्रजी क्वायरची पोरं आज आमचं मराठी गाणंही चार आवाजांत गातात.

तेव्हा आजोबांचं नाव शोधणाऱ्यांनो, आधी शाळेची हजेरीपत्रकं बघा, मास्तर तिथे सापडेल. मग लग्नाच्या वह्यांत साक्षीदारांच्या सह्या बघा. साक्षीला कुणी कमी पडलं की सज्ज्यावरच्या माणसाला खाली बोलवायची पद्धत होती, असं जुनी माणसं सांगतात. आणि घरी जुनी गीतांची पुस्तकं असतील तर रद्दीत घालू नका. पहिल्या पानावर बहुतेकदा नाव असतं. मला फोटो पाठवा. आमच्या क्वायरची सध्याची यादी व्हॉट्सअॅपवर आहे आणि अॅडमिनचा फोन दर वर्षाला बदलतो, म्हणून मी साधी दोनशे पानी वही आणली आहे. नावं उलट्या क्रमाने लिहायला घेतली आहेत. मास्तरांच्या आधीचं पान कोरं आहे, ते तुमच्याकडून भरून हवंय.