आमची वाटचाल : ट्रकच्या हौद्यापासून मोटरहोमच्या पलंगापर्यंत

कुडचड्याच्या आमच्या शेडमध्ये पूर्वी फक्त टिपरचे हौदे बनत. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, ट्रक जागच्या जागी उभे राहिले आणि आमचं वेल्डिंगही थंडावलं. मग टुरिस्ट गाड्यांच्या सीटा, मिनीबसच्या गाद्या-पडदे अशी मिळतील ती कामं घेतली. खाणी सुरू झाल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या. तोवर आम्ही हौद्यांवर विसंबणं सोडलं होतं. करोनानंतर एका ओळखीच्या कुटुंबानं ट्रॅव्हलर, म्हणजे मिनीबसएवढी व्हॅन, आणून उभी केली, "हिच्यात झोपायची सोय करून द्या" म्हणाले. तिथून मोटरहोम सुरू झालं.

आज आमचं बरंचसं गिऱ्हाईक साठीच्या पुढचं. निवृत्त जोडपी, मंगेशी-म्हाळसा-शांतादुर्गा या आपल्या कुलदैवतांना दरवर्षी येणारे मुंबई-पुण्याचे कुळावी, पुढे गोकर्ण नाहीतर गाणगापूर करणारे. येतात तेव्हा मोबाईलमध्ये फोटो असतो : गाडीच्या मागच्या टोकाला आडवा ऐसपैस डबलबेड, खाली सामानाचं मोठं कपाट. मी एवढंच विचारतो, "काका, भिंतीकडे कोण झोपणार?" कारण रात्री दोनला त्या माणसाला बाथरूमला जायचं झालं, तर दुसऱ्याला ओलांडूनच जावं लागतं. त्यात खाली कपाट म्हणजे पलंग कमरेएवढा उंच, चढायला पायरी हवी. शिवाय ट्रॅव्हलरची आतली रुंदी सहा फुटांच्या आतबाहेर. उंच माणूस आडवा झोपला की पाय भिंतीला लागतात. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा बेड नातवंडांना द्यावा. दिवसा टेबल, रात्री पलंग हा प्रकार जागा वाचवतो खरा, पण रोज संध्याकाळी वाकून गाद्या जुळवायच्या आणि त्यांचे सांधे पाठीला टोचून घ्यायचे, हे गुडघे-कंबर दुखणाऱ्यांचं काम नव्हे.

दोन्ही बाजूंनी उतरता येणारा मधला पलंग सगळ्यात सुखाचा. पण तो गाडीची इतकी लांबी खातो की स्वयंपाकाचा ओटा आखडावा लागतो. म्हणून आम्ही सुचवतो ते गाडीच्या लांबीत दोन सुटे पलंग, मधे वाट, वाटेच्या तोंडाशी बाथरूम. गादीसकट उंची अठरा ते वीस इंच, म्हणजे बसल्यावर तळवे जमिनीला टेकतात. उठताना धरायला भिंतीत भक्कम दांडा, पायाशी मंद दिवा, उशाशी श्वासाच्या मशीनसाठी प्लग. चाकांवरचा उंचवटा पलंगाखाली झाकला जातो.

"या वयात वेगळं झोपायचं?" असं मावशी लाजत विचारतात. त्यासाठी मधल्या वाटेवर सरकवायच्या फळ्या देतो. हवं तेव्हा एक पलंग. (बहुतेकांच्या फळ्या पुढे कपाटातच राहतात.) आणि उत्तरेला डोकं नको म्हणणाऱ्यांची या रचनेत आपोआप सोय होते. गाडी कुठेही तोंड करून लावा, उशी या टोकाची त्या टोकाला केली की झालं. फक्त चाकाखाली पाचर देऊन गाडी समपातळीत घ्यायची, नाहीतर डोकं पायांपेक्षा खाली जातं.

आमच्या पावसाळ्यात गादीला खालून बुरशी धरते. म्हणून सपाट प्लायऐवजी पट्ट्या-पट्ट्यांचा तळ करतो, हवा खेळती राहते. इथल्या दमटपणात हे खर्चिक काम टाळण्यात अर्थ नाही.

शेडच्या कोपऱ्यात प्लायचा एक सांगाडा ठेवलाय, गाडीच्याच मापाचा. ऑर्डर घेण्याआधी दोघांना त्यात झोपवतो आणि दिवा घालवून उठायला सांगतो. त्यानंतर पलंगाची उंची ठरते, मगच ॲडव्हान्स.