तुम्ही विचारलंत म्हणून: फिट थांबल्या, मग लक्ष का लागत नाही?

"फिट थांबल्या ना आता? मग अभ्यासात लक्ष का नाही तिचं?" नातेवाईक विचारतात, शाळेच्या फाटकापाशी इतर पालक विचारतात, परवा तुम्हीही विचारलंत. म्हणून नीट सांगते.

माझ्या मुलीला अ‍ॅब्सेन्स प्रकारची एपिलेप्सी, म्हणजे अपस्मार, आहे. यात मूल पडत नाही, तोंडाला फेस येत नाही. बोलता बोलता पाच-दहा सेकंद नजर थिजते आणि मूल पुन्हा कामाला लागतं. उपचाराआधी हे दिवसातून कितीतरी वेळा व्हायचं. गोळ्यांनी ते थांबलं. पण लक्ष न लागणं हाही याच आजाराचा भाग आहे. अमेरिकेत 453 मुलांवर झालेला एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. त्यात गोळी सुरू होण्याआधीच तिघांत एकाहून जास्त मुलांना लक्ष देणं जड जात होतं, आणि फिट थांबल्यावरही बऱ्याच जणांचा तो त्रास राहिला. औषधाचाही वाटा असतो. त्याच अभ्यासात फिट थांबवण्यात व्हॅलप्रोएट आणि इथोसक्सिमाइड ही दोन औषधं जवळपास सारखीच ठरली, पण लक्षाचा त्रास पहिल्यावर 49 टक्के मुलांत दिसला, दुसऱ्यावर 33 टक्के. (हे वाचून कुणी गोळी मनाने बदलू नका, बंद तर मुळीच करू नका.)

तिच्या गणिताच्या वहीत पहिली तीन गणितं बरोबर असतात, हातच्यांसकट. चौथ्यात फळ्यावरचे 4308 वहीत 430 झालेले, पाचवं नाहीच. खाली लाल पेनाने 'निष्काळजीपणा'. गणित तिला येतं हो, पाचव्यापर्यंत लक्ष पुरत नाही.

मार्कांचं मला तितकं वाटत नाही. लंगडीत आपला डाव कधी आला ते तिच्या ध्यानात येत नाही, मग मुली तिला घ्यायचं टाळतात, आणि संध्याकाळी ती घरातच बसते. फिटची डायरी आम्ही सगळेच ठेवतो. या संध्याकाळींची नोंद कुठे होते?

तुमच्या घरी असं मूल असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांना डायरीबरोबर वहीही दाखवा. लक्षाची वेगळी तपासणी करायला सांगा. एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, चंचलपणाचा विकार) निघालाच, तर त्याच्या औषधाने फिट वाढतील या भीतीने आधीच नाही म्हणू नका. फिट आटोक्यात असतील तर डॉक्टर मिथिलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध देखरेखीखाली देतात. शाळेत पहिला बाक मागा, आणि एका वेळी एकच सूचना. आमच्या बाई आता तिला आधी तीन गणितं देतात, थोडं फिरून येऊ देतात, मग उरलेली दोन.