विकत मिळत असता तर

फिल्म क्लब चालवता, सिनेमावर लिहिता, आणि तरी टोरंटवरून चोरून, फुकटात सिनेमे उतरवता? प्रत्येक खेळानंतर कुणीतरी हे विचारतंच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

तैवानचे दिग्दर्शक एडवर्ड यांग यांचा 'अ ब्रायटर समर डे' 1991चा, जवळजवळ चार तासांचा. अमेरिकेत त्याची धड डिस्क निघाली 2016 साली. यांग 2007मध्येच गेले. मधली पंचवीस वर्षं हा सिनेमा धुरकट नकलांवर जगला. बरं, ब्लू-रे डिस्क आणि प्लेयर जगाच्या विभागांप्रमाणे वेगळे: अमेरिकेतल्या डिस्क रीजन 'ए'च्या, आपल्याकडचे प्लेयर रीजन 'सी'चे. पैसे मोजून, कस्टम भरून मागवली तरी लागेलच असं नाही. मी पुण्यात राहते, लॉ कॉलेज रोडवर फिल्म अर्काइव्ह आहे. अंबाजोगाईच्या मुलीनं काय करायचं? 'नोस्फेराटू' हा मूकपट 'ड्रॅक्युला' कादंबरीवर परवानगीशिवाय बेतलेला, म्हणून 1925मध्ये जर्मन कोर्टानं त्याच्या सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या होत्या. हुकमातून सुटलेल्या प्रतींमुळेच तो आज आपल्याला दिसतो. मी चोर नाही, असं मी ठणकावून सांगायचे.

मग एका मित्राचा सिनेमा आला. मराठी, गावची जमीन गहाण टाकून केलेला. शुक्रवारी लागला, रविवारी टेलिग्रामवर आला. मी घरी गेले तर त्याची आई कौतुकानं सांगत होती, "अगं, भाच्यानं मोबाइलवर पाहिला, फार आवडला त्याला." मित्र मान खाली घालून बसलेला. सोडायला जिन्यापर्यंत आला तेव्हा म्हणाला, "तुझ्या हार्ड डिस्कमधे ज्यांचे सिनेमे आहेत, त्यांच्या घरी कोण जातं गं?"

मी म्हटलं, ते इथे विकत मिळत नाहीत रे. तुझा थिएटरात लागलाय.

"नांदेडला नाही लागला. मग नांदेडच्या माणसानं उतरवला तर चालेल तुला?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही देता येत नाही. मिळत नाही म्हणून घेतला, हे माझं सगळं समर्थन त्याच्या सिनेमालाही जसंच्या तसं लागू पडत होतं. यांग हयात नाहीत, हा माझ्या समोर बसलेला, एवढाच फरक.

आता इथे भाड्यानं किंवा वर्गणी भरून मिळतं ते मी उतरवत नाही. पण वर्गणीच्या ॲपवरूनही सिनेमे गायब होतात. 'तात्त्विक भूमिका' म्हणून जे लिहायचे ते आता लिहीत नाही, फाइली मात्र पुसलेल्या नाहीत. पुढच्या महिन्यात एक हंगेरियन सिनेमा दाखवायचाय. हक्कदारांना पत्र पाठवलंय, स्मरणपत्रही. उत्तर नाही. फाइल माझ्याकडे आहे. दाखवायचा की नाही, ठरलेलं नाही.