पिकअप बदलाबदली: ब्रिजचा निकाल लागला, नेक बाकी

इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजच्या जागेत (तारा बॉडीवर टेकतात त्या बाजूला) तीन पिकअप, म्हणजे तारांचं कंपन टिपणारे चुंबक-कॉइल, आळीपाळीने बसवून झाले: अल्निको 5 चुंबकाचा, दोन कॉइलचा हमबकर, हमबकरच्या मापात मिळणारा पी-90 (हाही एकाच कॉइलचा, पण जाड आवाजाचा) आणि त्याच मापातला साधा सिंगल कॉइल. गिटार तीच, तारा 010-046 जाडीच्या, पिकही तोच. शेवटची फ्रेट दाबून तार आणि पिकअपचा पोल यांतलं अंतर तिन्ही वेळा अडीच मिलिमीटर ठेवलं. आवाज थेट कॉम्प्युटरला जोडलेल्या इंटरफेसमध्ये घेतला आणि मग एकाच अँप सिम्युलेशनमधून काढला.

नुसतं ऐकलं तर हमबकरच भारी वाटतो. वाटणारच, त्याचा आउटपुट जास्त आहे आणि मोठा आवाज कानाला नेहमीच गोड लागतो. म्हणून क्लीन टेक (गेन न वाढवता केलेली रेकॉर्डिंग) लाउडनेस मीटरवर एका पातळीला आणले. फक्त पीक (आवाजाचं सर्वात उंच टोक) जुळवून भागत नाही, कारण सिंगल कॉइलचा पहिला ठोका उंच उडतो आणि मागचा स्वर पातळ असतो. पातळी जुळल्यावर हमबकरचा निम्मा रुबाब तिथेच उतरला.

आता खरा फरक. ई मायनरची ओपन कॉर्ड हळूच छेडली की सिंगल कॉइलवर पिक तारेला घासल्याचा 'टिक' आधी येतो आणि सहाही तारा सुट्या ऐकू येतात. हमबकरवर तो 'टिक' बोथट होतो, तारा एकमेकींत मिसळतात. पी-90 या दोघांच्या मधला म्हणावा तर तसा नाही: ठोका सिंगल कॉइलसारखा, पण मिड्स (मधल्या पट्टीतले स्वर) अंगावर येणारे, थोडे खरखरीत. जोर वाढवला की गुरगुरतो, हात सैल सोडला की निवळतो. हाताला इतकं ऐकणारा दुसरा कुठलाच नाही.

मल्टिमीटरवर रोध मोजला तर मात्र पी-90 आणि हमबकर दोघंही आठ किलोओहमच्या घरात! पी-90 मध्ये गुंडाळीची सगळी बारीक तार एकाच कॉइलवर, हमबकरमध्ये दोन कॉइलवर वाटलेली. शिवाय हमबकर गिटारच्या तारेचं कंपन दोन ठिकाणी टिपतो, त्यात वरच्या काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना मारतात. तेव्हा दुकानात किलोओहमचा आकडा बघून पिकअप 'हॉट' (जास्त आउटपुटचा) ठरवणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

सिंगल कॉइलबाबत एक खटपट करावी लागली. माझ्या गिटारमधला व्हॉल्यूम पॉट (आवाजाच्या नॉबखालचा बदलता रेझिस्टर) 500 किलोओहमचा, त्यावर तो कानात टोचत होता. पॉटच्या दोन टोकांच्या लग्जवर (जोडणीच्या पट्ट्यांवर) 470 किलोओहमचा रेझिस्टर समांतर डागला, भार 250 च्या जवळ आला आणि तो माणसात आला. पाच रुपयांत.

गेन (अँपमध्ये आवाज फाटेपर्यंत वाढवणारी सेटिंग) वाढवल्यावर चित्र पालटतं. विजेची 50 हर्ट्झची घूंऽऽ पी-90 वर चांगलीच जाणवते, ट्यूबलाइटच्या जुन्या चोककडे तोंड केलं तर विचारूच नका. गिटार थोडी फिरवून बसलं की कमी होते, जात नाही. हमबकरमध्ये दुसऱ्या कॉइलला उलट गुंडाळी आणि उलट चुंबक, त्यामुळे तारेचा आवाज जमा होतो आणि घूं वजा. गिब्सनच्या सेथ लव्हरनी 1955 मध्ये याच्याच पेटंटसाठी अर्ज केला होता आणि 1957 पासून गिब्सनच्या लेस पॉल गिटारमधले पी-90 जाऊन हमबकर आले. मी उलट्या दिशेने चाललोय: ब्रिजला पी-90 राहणार, घूंसकट. हेवी रिफ वाजवणाऱ्यांनी माझं ऐकू नये.

नेकला, म्हणजे गिटारच्या मानेच्या बाजूला, अल्निको 2 चा हमबकर बसवायचा विचार आहे. कुणी पी-90 बरोबर अशी जोडी वाजवली असेल तर मधल्या पोझिशनला (दोन्ही पिकअप एकत्र वाजताना) व्हॉल्यूमचा तोल कसा साधला, तेवढं सांगा.