डर्क पडतो तेव्हा

शनिवार, रात्री उशिरा

आज पुन्हा 'ड्रॅगन्स लेअर' हा जुना व्हिडिओ गेम लावला. लेबलवर 'मला पी' लिहिलेली बाटली असलेली खोली आली. ती प्यायची नाही, उजवीकडच्या दारातून निसटायचं, हे मला पाठ आहे. तरी मुद्दाम प्यायला लावली. खेळाचा नायक, शूर योद्धा डर्क, त्याचं मरण पाहायचं होतं.

या खेळात मरणंसुद्धा किती जीव ओतून काढली आहेत! 1983 साली इतर खेळांतला नायक म्हणजे चार-दोन रंगीत ठिपके. इथे मात्र अ‍ॅनिमेशनपट बनवणाऱ्या डॉन ब्लूथच्या चमूने हाताने चितारलेला माणूस धडपडतो, डोळे विस्फारतो, किंचाळतो. ब्लूथ 1979 मध्ये डिस्ने सोडून बाहेर पडलेला. सगळं मिळून जेमतेम 22 मिनिटांचं चित्रण, पण एकही हालचाल उरकून टाकलेली नाही. डर्क बोलतोही फारसा नाही. त्याच्या दचकण्या-ओरडण्याला आवाज दिला तो स्टुडिओतल्याच डॅन मोलिनाने. डर्क जिला सोडवायला निघालाय त्या राजकन्या डॅफ्नीचा आवाजही तिथल्याच व्हेरा लॅनफरचा.

'यात खेळण्यासारखं आहे काय?' असं म्हणणारे भेटतात. हातात खरंच थोडंच आहे: चार दिशा आणि तलवारीचं बटण. चित्रपट लेसरडिस्कवर, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या मोठ्या चकतीवर, आधीच तयार. अचूक क्षणी अचूक दिशा दिली तर कथा पुढे, नाहीतर डिस्क मरणाच्या दृश्यावर उडी मारते. नाणी टाकून खेळायच्या मूळ मशीनवर त्या उडीत पडदा क्षणभर काळा व्हायचा. अमेरिकेत तेव्हा बाकीच्या खेळांना 25 सेंट लागत, याला 50. तरी माणसं गर्दी करून दुसऱ्याचा खेळ बघत उभी राहायची. मला ते अगदी पटतं. बघणाऱ्यालाही पुढची खोली हवीच असते.

मला मात्र सर्वांत प्रिय आहेत ते पेटते दोर. एकावरून दुसऱ्यावर झोके घेत पलीकडे जायचं. सुरुवातीला मी दोराकडे बघून हात हलवायचे आणि दर वेळी उशीर व्हायचा. आता झोक्याची लय हातात उतरली आहे. डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं, आणि डर्क माझ्यामुळे पलीकडे पोचला असं मनापासून वाटतं. चित्र कुणी तरी कधीच काढून ठेवलंय, हे ठाऊक असूनही.

शेवटी लिझार्ड किंगपर्यंत, म्हणजे सरड्यांच्या राजापर्यंत गेले. सोन्याच्या हंड्याने तलवार ओढून घेतली, डर्क जीव घेऊन पळाला, पुन्हा तलवारीपाशी आलाही. बटण दाबायला अर्धा क्षण उशीर झाला. उद्या तिथूनच.