जिप्सीचं हाउसिंग उघडण्याआधी

जुनी जिप्सी गॅरेजमध्ये नेऊन ‘आवाज येतोय’ म्हटलं की उत्तर बहुतेक ठरलेलं असतं, ‘साहेब, हाउसिंग गेलं.’ हाउसिंग म्हणजे ॲक्सलच्या मधलं कवच; त्यातल्या मोठ्या-छोट्या दातेरी चाकांच्या जोडीचं, म्हणजे क्राउन-पिनियनचं काम महाग. ते करूनही घूंघूं तशीच राहिली, तर पैसे परत मिळत नाहीत. म्हणून पाना उचलायच्या आधी एवढंच ठरवायचं की आवाज कशाबरोबर वाढतो: इंजिनबरोबर, चाकांबरोबर, की ॲक्सिलरेटरबरोबर.

त्यासाठी सरळ, मोकळा रस्ता हवा. पहाटेचा नवी मुंबईतला पाम बीच रोड चालेल. ठाण्याच्या घोडबंदर रोडला खड्डे आणि कंटेनर यांत कशाचाच पत्ता लागत नाही. ६० च्या वेगात क्लच दाबून न्यूट्रल करा. थरथर तशीच राहिली तर इंजिन आणि क्लच निर्दोष. आता त्याच वेगात चौथा, मग पाचवा गिअर. फरक पडला तर इंजिन-गिअरबॉक्सकडे वळा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा, असं असेल तरच पिनियनवर संशय घ्यायचा. एखाद्या उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून सोडली की दातांवर उलट्या बाजूने भार येतो, तेव्हा हा फरक स्पष्ट ऐकू येतो. डांबरावरून काँक्रीटवर जाताच सूर बदलला तर तो टायरचा, आणि स्टिअरिंग हलकंसं डावी-उजवीकडे दिल्यावर बदलला तर व्हील बेअरिंगचा.

आता थोडा हिशेब. २०५/७० आर १५ टायरचा घेर साधारण २.१ मीटर. ६० च्या वेगात चाक मिनिटाला सुमारे ४७६ फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ८. ॲक्सलचं प्रमाण (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती) साधारण ४ धरलं तर प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे ॲक्सलला फिरवणारा दांडा, सेकंदाला ३२ फेरे. क्रॉसमध्ये (शाफ्टच्या टोकाच्या वळत्या सांध्यात) बिघाड असेल किंवा त्याचा कोन चुकला असेल, तर धक्का एका फेऱ्यात दोनदा बसतो, म्हणजे ६४. त्याच वेगात, सेकंदाला किती कंपनं होतात ते (हर्ट्झमध्ये) मोजणारं मोबाइल ॲप सीटच्या पायाशी ठेवलं की यातला कोणता आकडा डोकं वर काढतो ते दिसतं. ८ च्या आसपास असेल तर चाक, रिम, ड्रम. ३२ असेल तर शाफ्टचं बॅलन्सिंग. ६४ असेल तर क्रॉस किंवा कोन.

जिप्सीची एक सोय फार थोडे जण वापरतात. तिचा ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टना ताकद वाटणारा डबा, गिअरबॉक्सपासून वेगळा आहे आणि मध्ये एक आखूड शाफ्ट आहे. सपाट जागी चारही चाकांना दगड लावा, ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये घाला, गिअरबॉक्स चौथ्यात टाकून क्लच सोडा आणि इंजिन २,७०० आरपीएमपर्यंत न्या. गाडी जागच्या जागी, पण आखूड शाफ्ट साधारण ६० च्या वेगाइतका फिरतो. थरथर इथेच आली तर मागचं हाउसिंग उघडायचं कारणच नाही. ट्रान्सफर केसचे तीन रबर माउंट बघा. एक जरी फाटला असेल तरी केस तिरका बसतो, आखूड शाफ्टचा कोन बिघडतो आणि गिअर धरताना ‘ठक’ होतं. माउंट त्या मानाने स्वस्तात बदलून होतात.

क्रॉस तपासताना नुसता हाताने हलवून भागत नाही. त्याच्या चारही टोकांवर कप असतात आणि आत सुईसारखे बारीक रोलर; कपच्या कडेला लालसर भुकटी साचलीय का बघा. ते आतल्या सुयांचं गंजलेलं लोखंड. हळू वेगात चिमणीसारखी चिवचिव ऐकू येत असेल तर ग्रीस संपलंय. ग्रीस गन लावल्यावर चारही कपांमधून ग्रीस बाहेर यायला हवं. तीनमधून आलं आणि एक कोरडा राहिला, तर क्रॉस बदला. नवीन बसवताना एखादी सुई आत आडवी पडते, कप पूर्ण बसत नाही, कप धरून ठेवणारी सर्क्लिप खाचेत जात नाही. अशा वेळी हातोडा मारू नये, कप काढून बघावा.

शाफ्ट उतरवण्याआधी फ्लँजवर (बोल्टने जोडायची चकती) आणि स्लिप जॉइंटवर (मागे-पुढे सरकणारा सांधा) खूण करा. गॅरेजमध्ये सर्वात जास्त होणारी चूक हीच: स्लिप जॉइंटच्या दातेरी खाचा (स्प्लाइन) एक-दोन दात फिरून बसतात आणि दोन्ही टोकांच्या, क्रॉस धरणाऱ्या योकचे कान एका रेषेत राहत नाहीत. चांगला शाफ्टही मग थरथरतो. कमानपाट्यांत जादा पान घालून गाडी उचलली असेल तर कोनही मोजा, तोही चाकं जमिनीवर असताना. दोन्ही क्रॉसच्या कोनांत एका अंशाहून जास्त फरक नको. आणखी एक खास आपल्याकडचा प्रकार: पावसाळ्यापूर्वी गाडीच्या पोटाला मारतात ते काळं कोटिंग शाफ्टवरही उडतं आणि बॅलन्सिंग जातं. आधी ते खरवडून बघा.

शाफ्ट काढून गाडी चालवून बघायची असेल तर पुढचा काढा. ज्या गाड्यांचा हँडब्रेक ट्रान्सफर केसमागे शाफ्टवर असतो, त्यांचा मागचा शाफ्ट काढला की हँडब्रेकही गेला.

एवढं करून बोट पिनियनवरच आलं, तर पिनियनचा फ्लँज वर-खाली हलवा. गोल फिरवताना किंचित खेळ असतोच, वर-खाली अजिबात नको. खेळ निघाला म्हणून पिनियनचा नट पाइप लावून आवळू देऊ नका. आतली अंतर राखणारी नळी (स्पेसर) जास्त चेपते आणि बेअरिंग थोड्याच दिवसांत जळतं.

साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर दोन्ही हाउसिंगचं तेल त्याच आठवड्यात बघा. हाउसिंगचं हवेचं छिद्र (ब्रीदर) तुंबलेलं असेल तर गरम हाउसिंग थंड पाण्यात जाताच सीलमधून पाणी ओढून घेतं. तेल चहासारखं दुधाळ दिसलं तर लगेच बदला, ८०डब्ल्यू-९० जीएल-५ गिअर ऑइल घाला. ड्रेन बोल्टच्या टोकाला राखेसारखी भुकटी चिकटलेली चालते. बोटाला टोचेल असा तुकडा मिळाला तर मात्र हाउसिंग उघडावंच लागेल. आणि तेल काढण्याआधी भरायचा बोल्ट सुटतोय का ते बघून घ्या. खाडीच्या हवेत तो असा गंजतो की खालचं तेल सांडून गेल्यावर वरचा बोल्ट हलत नाही, आणि गाडी तिथेच अडकते.