सांडपाण्याला कायदा आहे, पावसाच्या पाण्याचं काय?

ऑगस्ट २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर ठरलं, म्हणजे प्रक्रिया न केलेलं सांडपाणी नाल्या-नदीत न सोडणारं शहर. त्यासाठी नगर निगमानं पंचवीस लहानमोठ्या नाल्यांची पाहणी करून १,७४६ सार्वजनिक आणि ५,६२४ घरगुती आउटफॉल (नाल्यात सांडपाणी सोडणारी तोंडं) बंद केले किंवा ड्रेनेज लाइनीला जोडले. काम खरोखर मोठं होतं, त्याबद्दल शंका नाही. पण पाऊस लागला की हीच जोडणी उलटते. कारण काही अंशी पाइपात आहे, आणि बरंचसं कायद्यात.

आधी पाइपाचं बघू. १०० चौरस मीटरचं एक छप्पर घ्या. ताशी ५० मिलिमीटरची सर आली तर त्यावरून तासाला ५,००० लिटर पाणी उतरतं, म्हणजे सेकंदाला साधारण १.४ लिटर. गल्लीतली १५० मिमीची ड्रेनेज लाइन १:१०० उतारानं टाकलेली असेल, तर तुडुंब भरूनही ती सेकंदाला १५ लिटरच्या आसपासच वाहते. अकरा घरांनी छपराचा पाइप अंगणातल्या चेंबरमध्ये सोडला की लाइन भरली. त्याच अकरा घरांचं सांडपाणी किती? घरटी पाच माणसं, माणशी १३५ लिटर पुरवठा, त्यातलं ८० टक्के परत येतं असं धरलं तर दिवसाला सहा हजार लिटरही नाही. सकाळच्या गर्दीसाठी तिप्पट धरलं तरी सेकंदाला ०.२ लिटर. पुढे ट्रंक लाइनीत, म्हणजे गल्ल्यांच्या लाइनी जिला मिळतात त्या मोठ्या लाइनीत, गर्दीसाठी धरलेली ही जादा जागा आणखी कमी होते. साडेसात लाखांवर लोकसंख्येसाठी सीपीएचईईओ या केंद्राच्या पाणी-सांडपाणी अभियांत्रिकी संस्थेच्या मॅन्युअलमध्ये सरासरीच्या फक्त दुप्पट प्रवाह धरतात. पावसासाठी त्या लाइनीत जागा ठेवलेलीच नसते, कारण कागदावर आपली व्यवस्था वेगळी आहे: सांडपाण्याची लाइन निराळी, पावसाची निराळी.

नाला टॅपिंगनं ही कागदावरची वेगळी व्यवस्था एकत्र केली. नाल्याच्या तोंडाशी आडवा बुटका बांध घालतात, बाजूला चेंबर, त्यात लोखंडी गजांची जाळी, आणि तिथून पाइप ट्रंक लाइनीला. कोरड्या दिवसात नाल्यातलं सगळं काळं पाणी चेंबरमध्ये जातं. पहिल्या मोठ्या पावसात जाळीला पन्नी आणि चिंध्या अडकतात, बांधामागे गाळ साचतो आणि पाणी बांधावरून थेट नदीत जातं. आणि नेमकं हे पहिलं पाणी सर्वांत घाण असतं, कारण लाइनीत महिनोन्‌महिने बसलेला गाळ तेच उपसून आणतं. दुसरा बिघाड त्याहून वाईट. चेंबरच्या तोंडाला एकतर्फी झडप नसली किंवा ती गाळानं अडकून उघडी राहिली, तर नदी चढल्यावर तिचं पाणी उलट ट्रंक लाइनीत शिरतं. मग सखल वस्तीतल्या चेंबरचं झाकण उचललं जातं, आणि निगमाच्या ३११ या तक्रारींच्या अ‍ॅपवर तक्रार येते ती 'चेंबर चोक' अशी. जेटिंग मशीन येते, लाइन साफ असते, झाकण पुन्हा उचलतं. चोक नव्हतंच, खालून दाब होता.

आता कायद्याकडे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात 'सीवर'ची व्याख्या अशी आहे की सांडपाणी वाहून नेणारा कुठलाही पाइप किंवा चर, उघडा असो वा बंद, तो सीवर. म्हणजे ज्या पावसाळी नाल्यात घरांचं पाणी येतं तो कायद्यानं सीवर झाला. आणि कलम २५ प्रमाणे सांडपाणी नदीत सोडायचं तर प्रदूषण मंडळाची संमती लागते. पण ही संमती एसटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया प्लांटच्या) आउटलेटसाठी घेतली जाते, बीओडी (घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाते त्याचं माप), टीएसएस (तरंगते कण), कॉलिफॉर्म (विष्ठेतले जंतू) यांच्या मर्यादा तिथेच लागू होतात, नमुनाही तिथलाच. बांधावरून पाणी जिथे ओसंडतं ती जागा सहसा संमतीपत्रात नसतेच. जी जागा कागदावर नाही, तिथलं मोजमाप होत नाही. मोजमाप नाही म्हणून उल्लंघनही नाही.

याचा परिणाम प्रयोगशाळेच्या अहवालात दिसतो, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. कोरड्या दिवशी प्लांटवर येणाऱ्या पाण्याचा बीओडी लिटरला २०० मिलिग्रॅम असेल, तर पावसाचं पाणी मिसळून प्रवाह तिप्पट झाल्यावर तो सत्तरच्या खाली येतो. घाण तेवढीच, पाणी जास्त. प्लांट धडपडत असला, प्रक्रियेच्या टाकीत गाळ बसायला पुरेसा वेळ मिळत नसला, तरी बाहेर पडणारा आकडा मर्यादेत बसू शकतो. त्याच वेळी दोन किलोमीटर वर बांधावरून कच्चं सांडपाणी इंदूरच्या कान्ह नदीत पडत असतं. मर्यादा फक्त मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये असली की पाऊस प्लांटला पास करून जातो. दिवसाला किती किलो बीओडी नदीत गेला, हे प्लांट आणि ओसंडणं दोन्ही धरून मोजलं तरच खरं चित्र कळेल.

मर्यादा नेमकी कोणती, हाही तिढाच आहे. केंद्राच्या १३ ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत मेट्रो शहरांना आणि बहुतेक राज्यांच्या राजधान्यांना बीओडी २०, इतरांना ३०. मेट्रो म्हणून आठ शहरांची नावं आहेत, इंदूर त्यात नाही. ३० एप्रिल २०१९ ला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं सगळ्यांसाठी एकच कडक मर्यादा सांगितली: बीओडी १०, सीओडी (रसायनानं मोजलेली ऑक्सिजनची गरज) ५०, टीएसएस २०, एकूण नायट्रोजन १०, फॉस्फरस १. फरक नुसता आकड्यांचा नाही. ३० साठी दुय्यम प्रक्रिया पुरते. १० साठी पुढे गाळणी लागते, नायट्रोजन काढायला हवेशिवायचा टप्पा, फॉस्फरससाठी रसायनाचा डोस, आणि या सगळ्याची वीज. इंदूरच्या कबीटखेडीचा २४५ एमएलडीचा (दिवसाला २४५ दशलक्ष लिटरचा) प्लांट असो की २०२२ मध्ये नमामि गंगेखाली मंजूर झालेल्या, सुमारे ५११ कोटींच्या योजनेतले एकूण १९५ एमएलडीचे तीन प्लांट (कान्हचं पाणी शिप्रा, चंबळ, यमुना करत शेवटी गंगेतच जातं), टेंडरच्या दिवशी कुठली मर्यादा लिहिली यावर पुढच्या पंधरा वर्षांचा खर्च ठरतो.

पैशाचा युक्तिवाद आपल्या माळव्यातच फार पूर्वी निकालात निघाला आहे. रतलामच्या उघड्या गटारांवर १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की निधी नाही ही सबब नगरपालिकेला चालणार नाही. तेव्हाचं हत्यार फौजदारी प्रक्रिया संहितेचं, सार्वजनिक उपद्रव हटवण्याचं कलम १३३ होतं. आता तीच तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे, म्हणजे मॅजिस्ट्रेटकडे जाण्याची वाट आजही खुली आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये पर्यावरण सुरक्षा समितीच्या प्रकरणात न्यायालयानं एक पाऊल पुढे टाकून स्थानिक संस्थांना वापरणाऱ्यांकडून खर्च वसूल करण्याचे निकष ठरवायला सांगितलं. मग हरित न्यायाधिकरणानं ऑगस्ट २०१९ मध्ये दर लावले: नाल्यात जागेवर प्रक्रिया सुरू नसेल तर नाल्यामागे महिना ५ लाख, एसटीपी वेळेत पूर्ण नसेल तर एसटीपीमागे महिना १० लाख. दंडाचा हेतू मी समजू शकतो. पण दंड नाल्यांवर मोजला की निगमाला सगळ्यात स्वस्त आणि झटपट उपाय सापडतो तो टॅपिंगचाच, आणि पावसाचं पाणी सीवरमध्ये घेण्याची सक्ती जणू आदेशानंच होते.

पावसाच्या पाण्याचा खर्च मात्र कोणीच कोणाकडून वसूल करत नाही. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा आहे, स्वच्छता आहे, पण पावसाळी निचरा स्वतंत्र विषय म्हणून नाही. शहरांच्या पाणी-सांडपाण्यासाठीच्या केंद्राच्या अमृत योजनेच्या २०१५ च्या पहिल्या टप्प्यात पावसाळी नाले एक घटक होते. २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात ते तलाव-जलाशयांच्या कामापुरते उरले. अमेरिकेत पावसाच्या निचऱ्याला १९८७ पासून परवाना लागतो आणि एकत्रित सीवरच्या ओसंडण्यासाठी १९९४ चं वेगळं धोरण आहे, ज्यात ओसंडण्याची प्रत्येक जागा नोंदवावी लागते. तिथेही वाद मिटलेला नाही. मार्च २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या खटल्यात त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की नियामकानं शहराला नेमकं काय करायचं ते सांगावं, समुद्राचं पाणी चांगलं राहील एवढंच सांगून सगळी जबाबदारी शहरावर टाकता येणार नाही. आपल्याकडे बरोबर उलट चालतं: नदी चांगली हवी हा आदेश आहे, आणि कोणता बांध, कोणती झडप, किती पावसापर्यंत ओसंडायचं नाही, हे कुठेच लिहिलेलं नाही.

हे फक्त नदीपुरतं असतं तर गोष्ट वेगळी. २०२५ च्या डिसेंबरअखेर इंदूरच्या भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून माणसं गेली. नर्मदेचं पाणी आपल्याकडे एक दिवसाआड येतं. नळ बंद असताना लाइनीत दाब नसतो, आणि बाजूला मुरलेलं घाण पाणी सैल जोडातून आत ओढलं जातं. म्हणून मॅन्युअल पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनीत ३ मीटर आडवं अंतर सांगतं. जुनी इंदूरसारख्या गल्ल्यांची रुंदीच तेवढी नाही, तिथे पाण्याची लाइन किमान सीवरच्या वरून जायला हवी. पण आयएस १०५०० हे पिण्याच्या पाण्याचं मानक आजही नगर निगमावर कायद्यानं बंधनकारक नाही.

करण्यासारखं काय आहे? छपराचे पाइप शोधणं सगळ्यात स्वस्त. दोन चेंबरांमधली लाइन दोन्हीकडून बंद करून ब्लोअरनं धूर सोडला की ज्या घराचा छपराचा पाइप जोडलेला आहे, त्याच्या तोंडातून धूर निघतो. हे काम मे महिन्यात, कोरड्या लाइनीत करायचं. घरी आधी खबर द्या, नाहीतर लोक आग समजून धावतील. आणि बाथरूमच्या ट्रॅपमध्ये पाणी नसेल तर धूर आतही येतो, तेव्हा तेही सांगून ठेवा. चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही, प्लग वरूनच बसवायचे. हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवणं गुन्हा आहे, आणि ऑक्टोबर २०२३ पासून मृत्यूची भरपाई ३० लाख आहे. पाइप सापडला की तो अंगणातल्या रिचार्ज खड्ड्याला जोडा.

टॅपिंगच्या प्रत्येक बांधावर पाणीपातळी नोंदणारं साधं यंत्र बसवावं, आणि त्या जागा संमतीपत्रात ओसंडण्याचे बिंदू म्हणून याव्यात. हे निगमानं स्वतः मागितलं पाहिजे. लपलेल्या ओसंडण्यापेक्षा नोंदलेलं ओसंडणं न्यायालयात कधीही बरं.

नागरिकांना पार्षदामार्फत विचारता येईल, पण माहिती अधिकार जास्त उपयोगी. १० रुपये शुल्क भरून प्रदूषण मंडळाकडून एसटीपीच्या संमतीपत्राची प्रत मागा. निगमाकडून टॅप केलेल्या आउटफॉलची यादी, आणि जून ते सप्टेंबरची प्लांटच्या रोजच्या आवकेची लॉगबुक मागा. 'नाल्यांची माहिती द्या' असं मोघम लिहिलं तर उत्तरही मोघम येतं. नोंदवहीचं नाव आणि तारखा लिहा. आवकेचे आकडे त्याच दिवसांच्या पावसाशेजारी मांडा. आठवडाभर पाऊस नसलेल्या दिवसांची सरासरी काढा, पावसाच्या दिवशी तीवर जितकं चढलं तितकं पावसाचं पाणी सीवरमध्ये आलं. पाऊस मोठा होऊनही आवक ठरावीक आकड्यावर येऊन थांबलेली दिसली, तर उरलेलं वाटेत कुठेतरी ओसंडलं. त्याच तारखांची त्या भागातली ३११ ची तक्रार-यादी पुढच्या अर्जात मागा. उत्तर ३० दिवसांत न आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं.